चरकाची दोरी

माझी शाळा चौथीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्यावं. शब्दही माझ्याकडे साधेच आहेत. गोष्ट पाम गावच्या वामन कातार्‍याची. त्यानं मला सांगितली तशीच सांगतो.

वामन शाळेच्या पोरांसाठी लाकडी टाक कातायचा. कुड्याच्या लाकडाची कांडी चरकावर, म्हणजे कातायच्या यंत्रावर चढवायची, पटाशीनं बारीक करायची, फिरत्या कांडीवर लाख धरून रंग द्यायचा आणि शेवटी केवड्याचं पान दाबून चकाकी आणायची. पण हा चरक एकट्याचा नव्हे. त्याला दोरीचा वेढा, दोरीच्या टोकांना लाकडी मुठी. समोर बसून कुणी त्या आळीपाळीनं ओढल्या तरच कांडी फिरते. तिथं आई बसायची, राहीबाई. दिवाळीनंतर ती तापानं गेली. मग शेजारचा मंगळ्या बसू लागला. आता तोही तारापूरला, वीजकेंद्राच्या बांधकामावर लागला होता.

"वामनदा, तूबी चल," तो म्हणे. "घमेली उचलायची. रातच्याला चिक्कार मानसं झोपतात तिथं. हितं भिंतीशी बोलतोस काय?"

"मला चार मानसांत बोलता येत नाय रे."

"मग लगीन कर. बायकोला बसव दोरीवर!"

वामन हसला नाही. दोरीवर माणूस नाही तर चरक बंद. चरक बंद झाला की आईचं घर सोडून घमेली उचलणं आलं. हाताशी असलेले टाक संपवायला आज संध्याकाळी येतो, असं मंगळ्यानं कबूल केलं होतं. सकाळी मजुरांच्या ट्रकवर यायचं की नाही, ते वामननं सांगायचं होतं.

दिवेलागण झाली. दिवा लावायच्या आधी दोरी उतरवून ठेवायची, हा आईचा नेम. "मोकळी मूठ दिसली की कुनीबी धरतं," म्हणायची. पण मंगळ्या येणार म्हणून वामननं दोरी तशीच ठेवली. रॉकेलची चिमणी पेटवून आपल्या बाजूला घेतली, कांडी बसवली आणि पटाशी टेकवली.

दारातला उजेड जरासा झाकोळला. समोरच्या अंधारात कुणीतरी बसलं. दोरी ताणली गेली.

"आलास? जेवलास का?"

 कांडी फिरू लागली.

कातताना कातारी मान वर करत नाही. केली तर बोट जातं. वामन खाली बघूनच कातत राहिला. दोरी इतकी एकसारखी कधीच चालली नव्हती. ना हिसका, ना खंड. लाखेचा वास सुटला, केवड्याचा सुटला, आणि त्यांच्या मागून ओल्या घोंगडीसारखा एक कुबट वास येऊ लागला. वामन नकळत बोलू लागला. अजून मी दोन पाट मांडतो, म्हणाला. रात्री कडी वाजली की उठून बसतो, म्हणाला. तो बोलत गेला तशी दोरी मंदावली. जणू ऐकत होती.

"आई...?"

दोरी थरथरली आणि पुन्हा चालू लागली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "वामनदा! उशीर झाला रे, ट्रक बंद पडला. चालूबी केलंस? ...दोरीवर कोन हाय?"

वामननं पटाशी कांडीवरून उचलली. त्यानं पटाशीची मूठ फळीवर दोनदा आपटली. थांब, म्हणायची ती खूण. कांडी थांबली नाही. त्यानं पुन्हा आपटली. मग कुठं ती सावकाश, नाखुशीनं थांबली.

मंगळ्यानं चिमणी उचलून धरली. समोर कुणी नव्हतं. मुठी भुईवर शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या. ओढणारा जोर लावायला टाचा रोवतो, तशा दोन खुणा सारवणात रुतल्या होत्या.

मंगळ्या वाकला. "ह्या टाचा... बोटभर रुंद हायेत रे."

"आईच्या हायेत."

"राहीकाकीचं पाऊल मी पायलंय, वामनदा. तुझ्याएवढं होतं..."

वामनलाही ते ठाऊक होतं.

सकाळी मंगळ्या बोलवायला आला, तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "येतोस ना?"

"तू हो पुढं. मला मानूस मिळालंय."

मंगळ्या दोन पावलं मागं सरला. झपाझप निघून गेला.

वामननं समोरची जागा झाडली. तिथं घोंगडी दुमडून घातली. मग दिवसाचाही उजेड तिकडे पडू नये म्हणून त्या बाजूच्या खिडकीला तो गोणपाट ठोकू लागला. शेवटचा खिळा बसला, खोली काळोखली, आणि त्याच्या पाठीमागं घोंगडीवर कुणीतरी अलगद टेकलं.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही. चाचपडत आपल्या जागेवर गेला आणि मान खाली घालून बसला.