गार कांदा

"अहो, रडू नका... एवढं काही बिघडलेलं नसेल!"

खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवलेला एक तरुण दारात उभा होता आणि माझ्यापुढे रुमाल धरत होता. मला हसूच फुटलं. आत्याच्या खाणावळीत रोज सकाळी परातभर कांदा मी चिरते. फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या त्या भल्या माणसाला वाटलं, मी फ्रीजसाठी रडतेय!

"कांदा आहे हो," मी म्हणाले.

तो कानापर्यंत लाल झाला. फ्रीज सुरू झाल्यावर त्याने सोललेले कांदे उचलून सरळ आत ठेवले. "तासभर गार होऊ द्या, मग चिरा. झोंबणारा वायू कमी सुटतो."

दुसऱ्या दिवशी खरंच डोळ्यांत टिपूस आलं नाही. तरी मला सगळं धूसरच दिसत होतं... खिडकीतलं ऊन, पातेल्यावरची वाफ, आणि त्या वाफेत उगाचच त्याचा चेहरा.

मग तो 'गारवा तपासायला' येऊ लागला.

"फ्रीजचं दार लावल्यावर आतला दिवा विझतो कशावरून?" मी विचारलं.

"आत बसून बघा. दार मी लावतो."

"आणि उघडणार कोण?"

"मीच की! मी कुठे जातोय?" मग हळूच, "आता तुम्ही सांगा... शिळं बिस्किट मऊ पडतं, मग शिळा पाव कडक का?"

"बिस्किट हवेतला ओलावा ओढून घेतं. पाव आतल्या आत घट्ट होत जातो. गरम केला की पुन्हा मऊ."

"म्हणजे कुणी ऊब दिली की..."

"मी पावाबद्दल बोलतेय!"

"आपला फ्रीज हल्ली फारच नाजूक झालाय बाई," आत्या म्हणायची. त्याचं नाव तिने थंडोबा ठेवलं होतं, कारण इतक्या चकरा मारूनही गडी मुद्द्यावर येत नव्हता. मी तरी कुठे येत होते!

एके दिवशी तो पिशवीशिवाय आला. "दुसऱ्या शहरात बदली देतायत... संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचंय."

माझ्या तोंडातून निघालं, "अरे वा, छान!" आणि मी मान खाली घालून भराभर कांदा चिरू लागले.

"रडताय?"

"कांदा आहे हो."

त्याने परातीतला एक कांदा उचलून तळहातावर धरला.

"हा तर गार आहे..."

चोरी पकडली गेली. आता लपवायचं तरी काय?

"जाऊ नकोस ना," मी म्हणाले. अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं होतं. "मला तू आवडतोस. फ्रीज बिघडो न बिघडो... तू रोज यायला हवास."

तो शेजारी बसला, माझ्या हातातली सुरी घेतली आणि तोच कांदा चिरू लागला. बघता बघता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

आत्याने दारातून डोकावलं. "अरे, तुला काय झालं?"

"कांदा, आत्या," तो नाक ओढत म्हणाला. "आता रोज चिरायचाय ना... सवय करतोय."