म्हातारीचं नाक

"टॅन्सी, हात आत घातलास तर बघ!"

ऑड्रीने धाकट्या बहिणीचे दोन्ही पाय घट्ट धरले होते. टॅन्सी गवतावर पालथी पडून जमिनीतल्या भेगेत डोकावत होती.

"अगं, पण माझं सफरचंद गेलंय आत! दिसतसुद्धा नाहीये!"

"मग विसर आता. पोचलं ते फ्रान्सला," विल्फ म्हणाला.

विल्फ ट्युपेन शेजारच्या घरातला. वयाने ऑड्रीपेक्षा एका वर्षाने मोठा, आणि ते वर्ष तो रोज उठून दाखवायचा. पण आज त्याचं तोंड उतरलं होतं. काल त्याने खडूचा चुरा पाण्यात कालवून आइस्क्रीमची एक काडी भेगेवर आडवी चिकटवली होती. त्याचे काका जुनी घरं दुरुस्त करतात. भिंतीतली भेग वाढतेय की थांबलीय, हे ते असंच बघतात. आता त्या काडीचं एक टोक सुटून हवेत लोंबत होतं.

"वाढतेय," तो म्हणाला. "एका रात्रीत एवढी!"

आमच्या फर्लडीन गावातून निघालेली पायवाट मेंढ्यांची कुरणं चढत-उतरत इथे येते आणि एकदम समुद्र समोर उभा राहतो. पायाखाली खडूच्या ठिसूळ दगडाचा पांढराशुभ्र कडा, खाली लाटा. कड्याचा जो तुकडा पुढे आलाय, त्याला गावात म्हातारीचं नाक म्हणतात. भेग बरोब्बर त्या नाकाच्या मुळाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"पण भेग कुंपणाच्या अलीकडे कशी?" ऑड्री अचानक म्हणाली. "कुंपण तर नाकाच्या मागे असतं ना!"

कडा झिजतो म्हणून गाव दर वसंतात कुंपण थोडं मागे घेतं. यंदा ईस्टरला ऑड्रीही खांब धरायला आली होती, आणि काटेरी झुडपाजवळच्या खांबाला तिने आपली लाल रिबीन बांधली होती. झुडूप होतं तिथेच होतं. रिबिनीचा खांब मात्र पार पुढे, नाकाच्या शेंड्याशी फडफडत होता!

"कुंपण चोरीला गेलं!" टॅन्सी ओरडली.

"चोर कुंपण चोरून दहा पावलांवर परत ठोकेल का गं, बावळट?"

"मग वेडा चोर असेल!"

झुडपाजवळची माती उकरल्यावर जुने खड्डे सापडले. वर गवताचे तुकडे नीट बसवून ते बुजवले होते. तिथून हातगाडीच्या चाकांचे पांढरे पट्टे टेकडी उतरून थेट गावच्या सभागृहापर्यंत गेले होते. दारात हातगाडी उभी, आणि हातगाडीवर मोठा लाकडी हातोडा घेऊन शीळ वाजवत बसले होते मिस्टर हेलॉक! गावच्या उद्याच्या वार्षिक पदयात्रेचे अध्यक्ष! प्रत्येक वाक्याची सुरुवात 'छे छे'ने करणारा हा एकटाच माणूस आमच्या गावात आहे.

"छे छे, चोरी कसली! मीच सरकवलं कुंपण," ते अगदी ऐटीत म्हणाले. "गेल्या वर्षी गोठ्याजवळ चहा ठेवला, तर लोक नाकाला रुमाल लावून प्यायले. यंदा नाकावर तंबू! समोर समुद्र, हातात कप!"

"पण तिथे भेग पडलीय, मिस्टर हेलॉक!"

"छे छे, ऊन पडलं की गवत फाटतंच. माझे आजोबा त्या नाकावर बसून जेवायचे!"

"तेव्हा नाक लांब असेल," विल्फ पुटपुटला.

"काय म्हणालास?"

"काही नाही, सर."

 यंदा चहाचं काम पहिल्यांदाच ऑड्रीच्या आईकडे आलं होतं. उद्या सकाळपासून त्या तंबूत, त्या भेगेच्या पलीकडे, आई उभी राहणार होती.

ती धावत घरी गेली. आई पिठाने माखलेल्या हातांनी चहाबरोबर द्यायचे स्कोन, छोटे गोल पाव, कापत होती.

"आई, ऐक ना! नाकावर नको तंबू—"

"ऑड्री, गावाने एवढा विश्वास टाकलाय माझ्यावर. मिस्टर हेलॉकनी जागा बघितलीय. आता डोकं खाऊ नकोस, बशा पुस."

"पण काडी सुटलीय, आई!"

"कसली काडी?"

ऑड्रीने सांगितलं. आणि सांगता सांगता तिलाच कळलं, हे किती पोरकट वाटतंय. आइस्क्रीमची काडी! आई हसली आणि तिने ऑड्रीच्या नाकाला पीठ लावलं. ऑड्रीला रडू फुटलं. त्यावर आई म्हणाली, "दमलीस गं, झोप लवकर."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपण परत मागे घ्यायला तिघांनी खांब उपटून बघितले. एकही हलला नाही. विल्फने गोठ्याजवळून, जिथे जेमतेम रेंज येते, किनारारक्षकांना फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, अगदी काडीसुद्धा!

"शाब्बास, बरं केलंत. पण आमची तुकडी भरतीत अडकलेल्या लोकांना काढायला गेलीय. येतेच. तोवर कुणालाही तिथे जाऊ देऊ नका, आणि तुम्हीही जाऊ नका."

"आम्ही? आम्हाला कोण विचारतंय?" विल्फ म्हणाला. पण फोन तेवढ्यात कटला होता.

त्याने धावत जाऊन मिस्टर हेलॉकना निरोप सांगितला. "छे छे! किनारारक्षकांना फोन? त्यांना कामं नाहीत वाटतं! आणखी एक शब्द बोललास तर तुझ्या वडिलांना सांगेन!"

मग त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, 'धोका! कडा कोसळतोय!' आणि तो पायवाटेच्या मधोमध लावला. चालणारी मंडळी येऊ लागली. "किती गोड!" म्हणून एका जोडप्याने त्या पाटीबरोबर फोटो काढला. एक काका तर पाटी ओलांडून पुढे निघाले. टॅन्सीने त्यांचा कोट धरला, तर त्यांनी तिच्या हातात पेपरमिंटची गोळी ठेवली!

त्या घोळक्यांना मिस्टर हेलॉकनी टेकडीवरच थांबवून धरलं, कारण त्यांना आधी भाषण करायचं होतं. तेवढाच काय तो वेळ उरला होता. दूर नाकावर पांढरा तंबू फडफडत होता, आणि आई एकटीच कप मांडत होती.

"आता काय करायचं?" टॅन्सी हुंदके देत म्हणाली.

"मला नाही माहीत," ऑड्री म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिली. टॅन्सी तिच्या मागे तिचा स्वेटर धरून उभी राहिली, आणि विल्फ टॅन्सीच्या मागे. तिघांनीही हात टेकले होते.

तेवढ्यात भाषणाला कंटाळलेल्या एक बाई टेकडी उतरून आल्या. डोक्यावर लाल टोपी, हातात काठी. त्यांनी तिघांकडे पाहिलं आणि विल्फच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"शेवटचा तूच ना रे?"

विल्फ बावचळला. "अं... हो."

त्यांच्या मागे दोन म्हातारे येऊन उभे राहिले. मग फोटोवालं जोडपं. मग पेपरमिंटवाले काका!

"चहा इथे आहे का?" एकाने पुढच्याला विचारलं.

"असणारच. रांग आहे ना!"

ऑड्रीने हळूच मागे वळून बघितलं. तिचं रडू कुठच्या कुठे पळालं. आमचे लोक पाटी मानणार नाहीत, पोरांचं तर मुळीच ऐकणार नाहीत, पण रांग दिसली की पाय आपोआप थांबतात!

"हलू नका!" ती कुजबुजली. "कोणीही हलू नका!"

"पण मला शू लागलीय!"

"टॅन्सी! हलायचं नाही!"

भाषण संपलं. अख्खी पदयात्रा उतरून गोठ्याच्या भिंतीला लागली. रांग कोपऱ्यावरून वळली. शेणाचा वास येत होता, पण तक्रार करायला कोणी जागा सोडेना. मिस्टर हेलॉक लालबुंद होऊन धावत आले.

"छे छे! चहा तिकडे आहे! चला, माझ्या मागे या!" आणि ते रांगेच्या पुढे येऊन उभे राहिले.

"ओ मिस्टर! मागे!" लाल टोपीवाल्या बाई कडाडल्या.

"मी अध्यक्ष आहे!"

"मग अध्यक्षांनी मागे जावं!" पन्नास तोंडं ओरडली.

आणि मिस्टर हेलॉक, काय सांगू, गेले ना! मान खाली घालून अगदी शेवटी उभे राहिले!

पण आई अजून तिथेच होती. ऑड्री रांगेतून निसटली आणि काटेरी झुडपापर्यंत धावली. पुढे जायची हिंमत होत नव्हती. भेग आता पायाएवढी रुंद झाली होती, आणि तिच्यातून बारीक बारीक खडे आत घरंगळत होते.  'कडा कोसळतोय' म्हणून ओरडावं, तर आई पुन्हा हसेल.

"आई! सगळे गोठ्याजवळ उभे आहेत! चहासाठी! केव्हाचे!"

आईने मान वर करून टेकडीकडे पाहिलं. ती लांबलचक रांग बघून तिचे डोळे विस्फारले.

"अगं बाई! मग मला सांगितलं का नाही कुणी?"

तिने चहाचं मोठं पिंप हातगाडीवर चढवलं, वर स्कोनचा ट्रे ठेवला आणि धापा टाकत निघाली. पुढचं चाक थेट भेगेत गेलं.

"अडकलं! ऑड्री, जरा हात लाव गं!"

"पिंप राहू दे!" ऑड्री जिवाच्या आकांताने ओरडली. "स्कोन आण! लोक निघून जातील, आई! स्कोन घेऊन ये!"

आईने क्षणभर पिंपाकडे पाहिलं, मग ट्रे उचलला आणि भेग ओलांडली. ऑड्रीने तिचा हात धरला आणि तिला जवळजवळ फरफटत झुडपाच्या मागे, कुरणाच्या मध्यापर्यंत नेलं.

"अगं, सांडतील ना स्—"

मागे गडगडाट झाला. जमीन हादरली. दोघी वळल्या तेव्हा तंबू नव्हता, पिंप नव्हतं, हातगाडी नव्हती. म्हातारीला नाकच उरलं नव्हतं! नुसता पांढरा धुरळा वर येत होता, आणि त्यात समुद्रपक्षी कलकलत होते.

आई गवतावर मटकन बसली. ट्रे तिने तसाच घट्ट धरून ठेवला होता.

"तू काल सांगत होतीस," ती म्हणाली. "रडून सांगत होतीस तू, आणि मी हसले."

 ऑड्रीने आईच्या गळ्यात हात टाकले, आणि आता मात्र दोघीही रडल्या.

थोड्या वेळाने किनारारक्षकांची गाडी आली. त्यांच्या प्रमुखांनी पुठ्ठ्याची पाटी वाचली, रांग बघितली, आणि विल्फकडून सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी तिघांशी हात मिळवले, आणि मिस्टर हेलॉकना बाजूला नेऊन बराच वेळ काहीतरी सुनावलं. मिस्टर हेलॉक एकदाही 'छे छे' म्हणाले नाहीत. परत आल्यावर त्यांनी टोपी काढली.

"चूक माझी होती," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मुलांनी दोनदा सांगितलं होतं."

आई ट्रे घेऊन उठली.  पेपरमिंटवाले काका पुढे सरसावले, तशी लाल टोपीवाल्या बाईंनी काठी आडवी घातली.

"रांगेत पहिली ही मुलं होती," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना!"

 सगळी पदयात्रा खडूच्या धुळीने पांढरी होऊन रांगेतच उभी होती.

आईने ट्रे ठेवायला जागा शोधली. एक पाऊल पुढे टाकलं, मग थबकली. जमिनीकडे बघून तिने टॅन्सीला विचारलं, "इथे ठेवू का गं?"

टॅन्सीने जमीन नीट निरखून पाहिली. मग गोठ्याच्या दाराकडे बोट दाखवलं, थेट शेणाच्या ढिगाशेजारी.

"अजून मागे," ती म्हणाली.

आणि आई मुकाट्याने मागे गेली.