न बिघडणारी जिप्सी

लाइट येईपर्यंत बसताय ना? मग जवळ सरका. आणि मधु, ती मेणबत्ती विझव रे, डोळ्यांवर येते. अंधारात बरं ऐकू येतं.

ही माझी गोष्ट नाही, चांगदेव साळवेची आहे. आपल्याच चाळीत, त्या टोकाच्या खोलीत राहायचा. एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत कामाला होता. तेव्हा कल्याणला माझं गॅरेज होतं, त्यामुळे आमची ओळख. काही त्यानं सांगितलं, काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पदरचं एक अक्षर घालत नाही.

त्र्याण्णव साल. डिसेंबरातला दुसरा शनिवार, अमावस्येला दोन दिवस राहिलेले. काम अगदी साधं होतं. चांगदेवची बायको शालन बाळंत झालेली, तिच्यासाठी तिची आई केशरबाई येऊन राहिलेली. आता पोर सव्वा महिन्याची झाली, म्हातारीला घराची ओढ लागली. खडवलीच्या पुढे तिचं घर. "जावईबापू, मला आजच्या आज पोचवा," म्हणाली. चांगदेव कंपनीतून आला, चहा प्यायला, गाडी काढली.

गाडी म्हणजे जिप्सी. छोटीशी, उंच चाकांची, वर कॅनव्हासचं छप्पर. ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या मंजुळाबाईकडून घेतलेली. तिचा नवरा महिपत ह्या गाडीतून मासळी पोचवायचा. तो गेला, घरात दोन मुली, गाडी चालवणारं कुणी नाही. "कसे गेले?" चांगदेवनं विचारलं तर ती म्हणाली, "आजारानं." आणि पदर सावरत आत गेली. किल्ली द्यायला बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, "गाडी तुला तरास देणार नाय, भाऊ. कदी बिगडत नाय ती."

आणि खरंच बिघडायची नाही हो! रविवारी लग्नाची माणसं ने, मुरबाडला सामान टाक, कसल्याही रस्त्यानं ने. चांगदेव तसा काळजी घेणारा माणूस. इंजिनचं ऑइल बघायचं, ग्रीस मारायचं, एअर फिल्टर झटकायचा, सगळं वेळच्या वेळी. पहिल्यांदा ऑइल बदलायला माझ्याकडे आला. मी ऑइल मोजायची दांडी बाहेर काढली, बोटाला पुसली. मधासारखं स्वच्छ ऑइल.

"अरे, परवाच बदललंयस की. पैसे जास्त झाले का?"

"चंदूभाऊ, घेतल्यापासून मी हातच लावलेला नाही."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण नंतर तो पुन्हा आला, पुन्हा तेच. ब्रेकचं ऑइल रेघेला रेघ. प्लग पुसलेले. खाली ग्रीस ताजं, बोट लावलं तर चिकटतं. चांगदेव माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. त्याला वाटे, मीच गुपचूप करून देतो. मला वाटे, तो दुसऱ्या गॅरेजात जातो आणि मला सांगत नाही. दोघंही बोललो नाही.

शालनला मात्र झोप लागेनाशी झाली. तान्ही पोर उठवायची म्हणून ती जागी असायची. एकदा तिनं चांगदेवला हलवलं.

"अहो, गाडीखाली कोणतरी आहे."

"मांजर असेल."

"मांजर पाना फिरवतं का?"

तो कान देऊन पडला. टिक... टिक... लोखंडावर लोखंड. बॅटरी घेऊन बाहेर गेला, वाकून बघितलं. कोणी नाही. पण सायलेन्सरला हात लागला तर तो गरम होता. गाडी संध्याकाळपासून उभी होती.

त्या दिवसापासून चांगदेव बेचैन. गाडी कुठे खरखरली असती तर बरं वाटलं असतं त्याला. रस्त्यात बंद पडली असती, टायर फुटला असता, तर चार शिव्या देऊन मोकळा झाला असता. पण ती आपली घड्याळासारखी चालत राहिली. जिची काळजी घ्यावीच लागत नाही, अशा गाडीची भीती वाटायला लागली त्याला. विकून टाकू म्हणाला. आणि त्याच आठवड्यात म्हातारीनं पोचवायचा हट्ट धरला.

तर, केशरबाईला घरी सोडलं. तिनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. "रात्र झाली, राहा," म्हणाली. "नको मामी, शालन एकटी आहे," म्हणून हा निघाला. खडवलीहून पडघ्याकडे यायचं आणि तिथून हायवे धरायचा. त्या वेळी त्या रस्त्याला दिवे नव्हते. दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं, मधूनच सागाची झाडं. थंडी चांगली पडलेली. हा एकटाच.

एके ठिकाणी रस्ता उतरतो. लांब उतार आहे. त्या उतारावर गाडीखालून आवाज आला. खड्... खड्... खड्.

तुम्हाला हसू येईल, पण चांगदेवला आधी बरंच वाटलं. आली एकदाची बिघडायला! त्यानं गाडी कडेला घेतली. आवाज कसला ते त्याच्या लक्षात आलं. इंजिनकडून मागच्या चाकांकडे जो शाफ्ट जातो, त्याचे बोल्ट ढिले झालेले. तसंच पुढे गेलं तर शाफ्ट निसटून खाली लोंबणार. काम अवघड नव्हतं. उंच गाडी, जॅक लावायची गरज नाही, सरपटत खाली जाता येतं. इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली. गिअरमध्ये ठेवली. हँडब्रेक खेचला. पुढच्या चाकाला मोठा दगड लावला. सगळं रीतसर केलं, पोरांनो. हे लक्षात ठेवा.

पान्यांची पिशवी बाजूला ठेवली आणि बाजूनं आत शिरला. पाठीवर पडून. बॅटरी जमिनीवर टेकवलेली. पाय गाडीच्या बाहेर, मागच्या चाकाच्या पुढ्यात.

एक बोल्ट आवळला. दुसऱ्याला तो पाना बसेना, म्हणून हात बाहेर काढून पिशवी चाचपायला लागला. पिशवी हाताला लागेना.

आणि तळहातावर पाना आला.

कुणीतरी ठेवला. हळू.

बरोबर त्याच मापाचा.

चांगदेव दचकला, पण मग त्यानं मान वळवली तर चाकापाशी दोन पाय उभे. अनवाणी. वाटलं, गावातला कुणी असेल, शेतावर राखणीला आलेला. जिवात जीव आला त्याच्या.

"बरं झालं आलात, दादा. एवढ्या रात्री कुठं?"

पाय होते तिथंच.

"शाफ्ट ढिला झालाय. झालंच आता."



ह्यानं दुसरा बोल्ट आवळला. तोंडानं बोलत होता, पण नजर पुन्हा पुन्हा त्या पायांकडे. पावलं लांब होती. फारच लांब. बोटं मातीत रुतवून उभी. बाकी हलत नव्हती. खेड्यातला माणूस थंडीत उभा राहिला तर पाय बदलतो, खोकतो, विडी काढतो.

ह्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

मग पावलं हलली. पुढच्या चाकाकडे गेली. थांबली. दगड सरकल्याचा आवाज आला.

"दगड नीट बसवताय का, दादा?"



दगड घरंगळत उताराला गेला. खूप वेळ जात राहिला.

पावलं गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आली. दार उघडलं. आता फक्त एक पाय खाली. मग तोही वर गेला.

गाडी दबली. स्प्रिंगा कुरकुरल्या. चांगदेवच्या नाकाला वरचं लोखंड टेकलं. कुणीतरी सीटवर बसलं होतं. जड.

"दादा..."

खट्. गिअर निघाला.

"दादा, मी खाली आहे!"

कट्.

हँडब्रेक.

चांगदेव म्हणायचा, त्या क्षणी मला शालन दिसली नाही, पोर दिसली नाही, देवधर्म काही सुचला नाही. फक्त पाय आत घे. एवढंच. त्यानं गुडघे छातीशी ओढले आणि अंग चोरून दोन चाकांच्या मधे पडून राहिला. गाडी चालायला लागली. मागचं चाक कोपराला घासून गेलं. शर्ट टरकन फाटला. पोटावरून लोखंड गेलं... गेलं... आणि एकदम वर आभाळ आलं. चांदण्या. उघड्या रस्त्यावर तो उताणा पडलेला.

गाडी अंधारात उतरत गेली. आवाज न करता.

तळाशी जाऊन थांबली. आपली आपण.

मग इंजिन सुरू झालं. दिवे लागले.

किल्ली चांगदेवच्या खिशात होती. त्यानं वरून हात दाबून पाहिलं. होती.

गाडी उभी राहिली. वाट बघत. इंजिन असं गोड चालत होतं, की काय सांगू. मग हॉर्न वाजला. एकदाच. हळू. घरच्या माणसाला हाक मारावी तसा.

चांगदेव उठला आणि उलट्या दिशेनं पळत सुटला. खडवलीपर्यंत मागे वळून बघितलं नाही. केशरबाईनं दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात तो पाना तसाच होता. बोटं उघडता येईनात, म्हातारीनं एकेक करून सोडवली.

सकाळी मला चांगदेवचा फोन आला. मी स्कूटर घेऊन खडवलीला गेलो. दोघं उताराच्या तळाशी पोचलो. जिप्सी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली. इंजिन बंद, हँडब्रेक खेचलेला. पुढच्या चाकाला दगड. मी खाली वाकलो. चांगदेवनं दोनच बोल्ट आवळलेले ना? चारही घट्ट होते.

"किल्ली दे, मी चालवतो," मी म्हटलं आणि आत बसलो. पाय पुढे केला तर क्लचला पोचेना. सीट पार मागे. इतकी मागे, की मी पाठ टेकली तर स्टिअरिंगला बोटंही लागेनात. मी काही बुटका नाही, बघताय तुम्ही.

"तू सीट मागे घेतलेलीस?"

चांगदेवनं नुसती मान हलवली. नाही.

स्कूटर तिथंच ठेवून, जिप्सीनंच आम्ही तसेच ठाण्याला मंजुळाबाईकडे गेलो. ती ओट्यावर बोंबील निवडत बसलेली. गाडी दिसली आणि तिचे हात थांबले. चांगदेवनं उतरता उतरताच आवाज चढवला.

"बाई, तुमच्या नवऱ्यानं काल मला मारलं असतं! मेल्यावरही गाडी सोडवत नाही का त्याला? मी काय वाईट केलं त्याचं?"

तिनं बोंबलांची पाटी बाजूला सारली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शीट मागं होती?"

मी चांगदेवकडे बघितलं.

"ह्ये माज्या खांद्याला लागायचे," ती म्हणाली. "एवढुसा मानूस. शीट पुढं घ्यायचे, वर उशी ठेवायचे. आन शेवटी शेवटी रोज सकाळी शीट मागं. पोरींना वरडायचे, कोन खेळतं गाडीत म्हनून. गाडी बिगडायची नाय. ह्ये खूश. एके दिवशी खालून आवाज आला म्हनून उतरणीवर गाडीखाली शिरले..." ती थांबली. "लोक बोलले, ब्रेक सुटला. ब्रेक चांगला होता, भाऊ. मीच नंतर वडून बगितला."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर घेतली असती?" तिनं डोळे पुसले नाहीत. "दोन पोरी हायत मना."

"मग तो आहे कोण?" चांगदेव ओरडला.

"ह्यांनी पन जुनीच घेतलेली," एवढंच ती म्हणाली.

चांगदेव तिच्यावर चिडला नाही मग. बराच वेळ ओट्याच्या कडेला बसला. तिच्या धाकट्या मुलीनं पाणी आणून दिलं, ते प्यायला. उठताना म्हणाला, "मी नाही विकणार. कुणालाच नाही."

आणि खरंच, विकली असती तर त्याचे पैसे वसूल झाले असते, गिऱ्हाईक दारात होतं. त्यानं ती कापायला लावली. गॅसकटरनं, स्वतः समोर उभं राहून. मी म्हटलं, इंजिन तरी ठेव, नवीन असल्यासारखं आहे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा बोललो नाही. इंजिनचेसुद्धा तुकडे केले. पुढच्याच महिन्यात खोली सोडून बायकोपोरीसह नाशिकला गेला. तिकडे बरा आहे. सायकल चालवतो.

गोष्ट संपली. हां, लाइट नाही आले अजून.

तो गाडी कुठं लावायचा विचारताय? ती काय, नळाच्या पलीकडची मोकळी जागा, जिथं गवत वाढलंय. आता तिथं कोणी काही लावत नाही. मी पहाटे उठतो पाण्यासाठी, म्हणून मला माहीत. ह्या थंडीत दव पडतं. सगळं गवत ओलंचिंब, पांढरं होतं, भिंतीपर्यंत.

मधला गाडीएवढा चौकोन कोरडा असतो.