टेकडीवरचा मुका पंप

खारूने सायकल कुंपणाला टेकवली न टेकवली तोच तिचा धाकटा भाऊ ढोल्या आणि मावसभाऊ चष्मिष धापा टाकत येऊन पोहोचले. टेकडीवरच्या पंपघराचं दार सताड उघडं होतं. आत पंप मात्र गप्प होता.

सुट्टीत धमाल करायची ठरवलेल्या या तिघांची सकाळपासून पाचावर धारण बसली होती. चष्मिषची आई, म्हणजे खारूची मावशी, पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होती. पाच पंपघरं, प्रत्येकात एक कॉम्प्युटर, आणि हे पाचही जण आपसांत बोलून कोणी किती पाणी सोडायचं ते ठरवत. काल तिथल्या साहेबांनी या कॉम्प्युटरांची आपसांत बोलायची नवी, झटपट पद्धत सुरू केली. आज टेकडीवरचे नळ कोरडे पडले, आणि साहेबांनी सगळं खापर मावशीवर फोडलं. तिनेच काहीतरी भलतं दाबलं म्हणे! दुपारी मोठे साहेब यायचे होते. तोवर खरं कारण सापडलं नाही, तर मावशीची नोकरी गेल्यात जमा होती.

"आईचा हात असा चुकत नाही," चष्मिष पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

आत रंगाचा वास भरून राहिला होता. ढोल्याने सवयीप्रमाणे भिंतीला हात लावला आणि तळवा हिरवागार करून घेतला. शिडीवरच्या रंगारीकाकांनी त्याला झापलं. मग खारूने विचारलं तेव्हा त्यांनी सहज सांगून टाकलं, की काल कपाट सरकवायला त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग काढला होता, तो आज सकाळी परत लावला. टाकी भरलेली असल्याने काल कोणाला पत्ताही लागला नव्हता.

खारू पडद्याकडे वाकली. कोपऱ्यात प्रोग्रॅमची आवृत्ती लिहिली होती, सात. सकाळी कंट्रोल रूममध्ये तर आठ दिसली होती!

चष्मिषच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काल सगळ्यांवर आठवी आवृत्ती, म्हणजे बोलायची नवी पद्धत चढवली, तेव्हा हा पठ्ठ्या झोपलेला होता. आज उठला तर बाकीचे काय बोलताहेत, ते त्याला ओ की ठो कळेना. म्हणून बिचारा पंप बंद करून बसला होता.

त्यांनी मावशीला फोन लावला. ती दबक्या आवाजात म्हणाली, की साहेब आता सगळ्यांवर जुनीच आवृत्ती परत चढवायला बसलेत.

चष्मिष पांढराफटक पडला. "नको! बाकीच्यांनी कालपासून सगळ्या नोंदी नव्या पद्धतीने लिहिल्यात. जुन्या आवृत्तीला त्या वाचताच येणार नाहीत. पाचही पंप बंद पडतील!"

आणि तेही मावशीच्याच माथी मारलं जाणार होतं.

"मावशी, साहेबांना फोन दे. आत्ताच्या आत्ता."

साहेब वैतागलेलेच होते. तुम्ही चुकलात असं तोंडावर सांगितलं, तर ते फोन आपटतील हे खारूने ओळखलं. तिने आवाजात जमेल तेवढा भाबडेपणा आणला.

"काका, एकच विचारू? सगळे कॉम्प्युटर तयार आहेत हे तुम्ही कसं ओळखलंत?"

"बोर्डावर सगळे दिवे हिरवे होते."

"मग बंद कॉम्प्युटरचा दिवा कोणत्या रंगाचा असतो?"

"बंद असलेला बोर्डावर दिसतच नाही, तो..." साहेब मध्येच थांबले.

खारूने फोन कानाशी घट्ट धरला.

"टेकडीवरचा काल बंद होता, काका," ती हळूच म्हणाली. "रंगकामासाठी."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मावशीचा. साहेबांनी जुनी आवृत्ती चढवायचं थांबवलं होतं, आणि तिने टेकडीवरच्या कॉम्प्युटरवर आठवी आवृत्ती पाठवायला घेतली होती. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. ढोल्या श्वास रोखून लालबुंद झाला. शेवटी सातचा आठ झाला, पायाखालची फरशी थरथरली आणि पंप घुमू लागला.

तिघं कंट्रोल रूममध्ये पोहोचले, तेव्हा मोठे साहेब येऊन बसले होते. साहेब आता गप्पच राहतील, अशी खारूला धास्ती वाटत होती. पण ते उभे राहिले.

"चूक माझी होती, सर. बाईंचा काहीही दोष नाही. या मुलांनी आज सगळ्या गावाचं पाणी वाचवलं."

मोठ्या साहेबांनी तिघांची पाठ थोपटली आणि बंद कॉम्प्युटरही बोर्डावर दिसलाच पाहिजे, असं तिथल्या तिथे फर्मावलं. सकाळपासून ओठ घट्ट मिटून बसलेली मावशी मात्र तिघांना कवेत घेऊन सगळ्यांसमोर रडली, आणि एरवी चारचौघांत आईने जवळ घेतलं की पळ काढणारा चष्मिष जागचा हलला नाही.