विवाहित दराचा भत्ता

महागाई भत्ता ठरवायचा तर साहेबाला विचारून उपयोग नाही, त्याच्या बायकोला विचारावं, असा गॉरिंजचा शिरस्ता होता. साहेबाला अंड्याचा भाव ठाऊक नसतो. ठाऊक असल्याचा आव तेवढा असतो. म्हणून लंडनहून आलेला हा भत्ते-तपासनीस सायप्रसभर घरोघर बायकांसोबत चहा पीत हिंडत होता. रॉकेल कितीला, सरपण कितीला, साबणाची वडी किती पुरते, सगळं तो त्यांच्याच तोंडून काढून घेई.

तो डोंगरावरच्या प्लात्रेस गावी येणार असा निरोप जंगलखात्याच्या लेस्ली पेंगेलीला आला. पेंगेलीला बायको नव्हती. भत्ता मात्र तो दोन वर्षं विवाहिताचा घेत होता.

तिकडे इंग्लंडात, कॉर्नवॉलमध्ये त्याची आई अंथरुणाला खिळली होती आणि एकट्याच्या भत्त्यात तिच्या नर्सचा पगार निघत नव्हता. रजेवरून परतल्यावर त्याने लग्न झाल्याचं कळवून टाकलं. बायकोचं नाव विचारलं गेलं तेव्हा टेबलावर फुलांच्या बियांचं पाकीट पडलं होतं. त्यावरचं नाव त्याने लिहून दिलं. आयरिस. दाखला मागाहून पाठवतो म्हणाला, आणि राजधानीतल्या, निकोसियाच्या कचेरीतून कुणी पुन्हा विचारलं नाही. उन्हाळ्यात अख्खं सरकार गारव्याला ट्रूडोसच्या डोंगरावर चढून येई, तेव्हा पेंगेलीची बायको नेमकी माहेरी असायची. हिवाळ्यात बर्फातून वर कोण मरायला येतंय? डोंगरावरच्या थंडीत पत्नीला गरम कोट हवा म्हणून वेगळे पैसे मिळत, तेही त्याने बिनदिक्कत उचलले होते.

आता फेब्रुवारी होता, आणि गॉरिंज मरायला वर येत होता.

पेंगेलीने देस्पिनूला गाठलं. त्याचा स्वयंपाक आणि घर बघणारी ही गावातली विधवा तोंडाची फटकळ होती.

"उद्या एक साहेब येतील. बाईसाहेब लिमासोलला गेल्यात म्हणून सांग."

देस्पिनूने शेगडीत लाकूड सारलं. "नको हो साहेब. घरातल्या माणसाला घरात नाही म्हणू नये. अशुभ असतं."

"कुठलं माणूस? या घरात तू आणि मी. आणि तूही संध्याकाळी घरी जातेस."

"मग रोजचं दुसरं अंडं कोण खातं? मी दोन उकडून ठेवते, सकाळी दोन्हींची टरफलं असतात."

"तूच खात असशील. माझा साबणही हल्ली दुप्पट लागतो."

"मी?" देस्पिनू उसळली. "मी माझा साबण घरी उकळते, ऑलिव्हच्या तेलाचा. तुमची ती वासाची वडी मी माझ्या शेळीलासुद्धा लावायची नाही!"

चोराच्या मनात चांदणं, असं पेंगेली मनाशी म्हणाला. त्या घरात चोर कोण, हे त्याला तेवढ्यापुरतं आठवलं नसावं.

दुसऱ्या दिवशी गॉरिंजला रस्त्यातच गाठून वाटेला लावायचा त्याचा बेत होता. पण रात्रीच्या बर्फाने घाटात एक मोठा पाइन आडवा पडला. तो हलवून, माणसांना शिव्या घालून पेंगेली घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात मोटार उभी होती. मोटारीपासून पायरीपर्यंत बुटांचे ठसे उमटले होते.

गॉरिंज शेगडीपाशी पाय पसरून बसला होता. समोर दोन कप होते.

"या पेंगेली! तुमच्या मिसेसनी माझं निम्मं काम उरकून टाकलं. अंडी, रॉकेल, लाकडाची मोळी, सगळं तोंडपाठ! इथला खाटीक तराजूवर अंगठा ठेवतो, हे सांगणाऱ्या पहिल्याच बाई भेटल्या मला."

पेंगेली खुर्चीचा हात धरून उभा राहिला. "कुठे... कुठे गेली ती?"

"आत. डोकं चढलंय म्हणाल्या. हाका मारू नका, पडू द्या जरा."

देस्पिनूने एखादी भाची आणून बसवली असणार! पेंगेलीचा जीव भांड्यात पडला. देस्पिनूला मिठी मारावी असंही त्याला वाटून गेलं.

"इंग्रजी बरं बोलली ना?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"म्हणजे काय? इंग्रजच बाई त्या!" गॉरिंज हसला. मग त्याचा आवाज जरा उतरला. "एक सांगू? रागावू नका. त्या शेगडी सोडून हलल्या नाहीत. कोटाचे पैसे तुम्ही घेतलेत. कोट कुठाय?"

"घ्यायचा राहिला."

"दोन हिवाळे? भल्या माणसा! वर त्या तुमचीच बाजू घेत होत्या. म्हणाल्या, नर्सचे पैसे वेळेवर जायला हवेत, माझं काय, मी शेगडीजवळ बसेन."

नर्सबद्दल पेंगेली या बेटावर कुणापाशी बोलला नव्हता.

मोटारीत बसताना गॉरिंजने त्याचा दंड दाबला. "भत्ता चालू राहील. आणि बाकीचं त्या स्वतःच सांगतील. मी बोललो म्हणू नका."

मोटार वळणाआड गेली. पेंगेलीने घराला वळसा घातला. मागच्या दारापासून खुराड्यापर्यंत देस्पिनूचे ठसे होते, जातानाचे आणि येतानाचे. बाकी बर्फ कोरं होतं. झोपायच्या खोलीत कुणी नव्हतं.

"देस्पिनू, चहा कुणी दिला त्यांना?"

"मी ठेवला आणि कोंबड्यांकडे गेले. आले तर ओतलेला होता." तिने दुसरा कप उचलून धुवायला घेतला. "मी बाईसाहेबांना कधी बघितलं नाही, साहेब. बघायला जातही नाही. घरात बाई असली की कळतं."

त्या रात्री पेंगेलीला भीती वाटली, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. एका बाईला आपण या घरात आणलं आणि दोन हिवाळे कुडकुडत ठेवलं. आठवड्याने तो लिमासोलला उतरला आणि करड्या लोकरीचा कोट घेऊन आला. दाराजवळच्या खुंटीला त्याने तो अडकवला.

सकाळी कोटाची कड ओली होती. कॉलरला पाइनचं सुईसारखं पान अडकलं होतं.

मग त्याला नादच लागला. जंगलातून तो लवकर परतू लागला. कोट कधी खुंटीवर असे, कधी खुर्चीवर. कधी बाही आतून ऊबदार लागे. एकदा तो रिकाम्या खोलीला "आलो गं" असं म्हणून गेला आणि स्वतःच दचकला.

हे बरं नाही, एवढी अक्कल त्याच्यात शिल्लक होती. एप्रिलमध्ये आई गेल्याची तार आली. आता नर्स नाही, जादा पैशांची गरज नाही. खोटं निस्तरायची वाटही सरळ होती. निकोसियाला दोन ओळी लिहायच्या, पत्नीचं निधन झालं म्हणून. लोक हळहळतील, भत्ता बंद होईल, आणि ती जशी आली तशी जाईल.

संध्याकाळी त्याने कागद पुढे ओढला. 'कळवण्यास दुःख होते की आयरिस' इथवर लिहिलं.

मागे शेगडीत लाकूड सरकलं.

त्याने वळून पाहिलं. कोट शेगडीजवळच्या खुर्चीवर पसरला होता.

तो उठला. कोटाची पोटावरची बटणं उसवली होती. दोन बोटं कडेकडे सरकवून, पोटाशी कोट सैल होईल अशी ती नव्याने लावली होती, बारीक, नेटक्या टाक्यांनी. जुन्या जागी दोऱ्याची भोकं दिसत होती.

देस्पिनू तर आज दुपारीच घरी गेली होती.

गॉरिंजने दाबलेला दंड त्याला आठवला. बाकीचं त्या स्वतःच सांगतील.

खालचं बटण अर्धंच लावलं होतं. सुई कापडात तशीच टोचून ठेवलेली.

पेंगेलीने कागद शेगडीत टाकला. मग हळूच सुईला बोट लावलं. सुई कोमट होती.