बारा बॅरल आणि एक पंच

रुमाना खतीबने माफीनामा आशालताबाईंच्या टेबलावर आपटला. पनवेलच्या या खासगी गुप्तहेर बाईंकडे लोक बहुधा रडत येत. ही चिडून आली होती.

"सही केली तर नोकरीवर ठेवतील. अल्लाकसम, मी नाही करणार! नेमबाजांच्या रायफलींच्या बारा बॅरल आतून खडबडीत निघाल्या, म्हणून परत आल्या. सगळ्यांवर म्हणे माझ्या नावाचा पंच आहे, तपासून झाल्यावर पोलादात ठोकतात तो शिक्का. अकरा वर्षं तपासनीस आहे मी! बॅरल दाखवल्या नाहीत, गेटवर अडवलं, आणि नाव मात्र नोटीस बोर्डावर लावलं."

"पंच कधी मारतेस?"

"कॅमेऱ्याने आतून बघितलं की लगेच. मग बॅरल गंजू नये म्हणून रसायनात काळी करायला जाते. माल रवाना झाला त्या सोमवारी तर मी मोऱ्याला होते, भाचीच्या निकाहला. रजेवर जाताना पंच सत्यजीतसरांच्या कपाटात जमा करायचा, चावी त्यांच्याचकडे."

"ताई, पंच हिचाच आहे," सहायक अवधूत कुजबुजला. "आपण काय करणार?"

"तू गाडी काढणार."

रुमानाला पुन्हा गेटवरच अडवलं. आत कारखान्यात मालक गुरुदत्त प्रधानांनी हात झटकले. "एकतर भगवानने घासलं नाही, नाहीतर रुमानाने बघितलं नाही."

शिशाच्या दट्ट्याने बॅरल आतून घासणारा, ओवे गावचा भगवान भडकलाच. "आमी घासलं की रेघा लांबीला जातात, ताई. या बघा, आडव्या, कड्यांसारख्या. ही रीमरची, भोक मोठं करायच्या हत्याराची, निशाणी हाय. या बारा माझ्याकडं आल्याच नाय!"

उत्पादनप्रमुख सत्यजीत हसला. "कातडी वाचवतोय. रुमानाने शनिवारी पंच मारले. सोमवारी सकाळी बॅरल काळ्या होऊन आल्या, दुपारी रवाना झाल्या. पंच नसेल तर पॅकिंगवाले हात लावत नाहीत."

बाईंनी एक बॅरल खिडकीपाशी नेली. काळ्याभोर पोलादावर रुमानाची अक्षरं पांढरी चकाकत होती.

"किती स्पष्ट आहेत!" अवधूत म्हणाला.

"फारच. रुमानाला गेटवरून आत बोलवा."

ती आल्यावर बाई बोलू लागल्या. "घासल्यावर रीमरच्या रेघा जातात. इथे त्या तशाच आहेत, म्हणजे भगवान खरं बोलतोय. बॅरल न घासता, न तपासता थेट काळ्या करायला गेल्या. पंच शनिवारी बसला असता तर अक्षरंही काळी झाली असती. ती पांढरी आहेत, म्हणजे पंच सोमवारी बसला, सकाळ ते दुपार. रुमाना तेव्हा मोऱ्याला होती. पंच कुणाच्या कपाटात होता, सत्यजीत?"

सत्यजीतचा चेहरा उतरला. "गिऱ्हाइकाला तारीख दिली होती मी! घासत बसलो असतो तर ऑर्डर हुकली असती. अक्षरांकडे कोण बघतंय, असं वाटलं."

गुरुदत्तांनी घाम पुसला. "रुमाना, झालं गेलं विसर. तो माफीनामा फाड आणि उद्यापासून ये. बोभाटा नको."

रुमानाने पर्समधून तोच कागद काढला आणि उलगडून सत्यजीतसमोर ठेवला.

"फाडायचा कशाला, सर? मजकूर तयारच आहे. माझं नाव खोडून यांचं घाला. सही यांनी करायची, आणि वाचायचाही यांनीच, इथे, सगळ्या पाळीसमोर."

भगवानने हात लांब करून शेजारचं घरघरणारं मशीन बंद केलं, शेवटच्या माणसालाही ऐकू जावं म्हणून.