साडेतीन आणि माझी पावलं

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, ते माझी पावलं ऐकून. गंमत म्हणजे मी तेव्हा बसलेली होते.

बोटीने अर्धी वाट कापली होती. बाहेर बारीक पाऊस, काचांवर ओघळ, केबिनमध्ये पेंगणारी माणसं. माझ्या पुढच्याच बाकावर हा… मांडीवर टॅबलेट, कानांवर कोरे करकरीत हेडफोन. टॅबलेटवर सिनेमा चालू होता. नायिका हॉटेलच्या लांबलचक बोळातून चालत गेली आणि हा दचकून मागे वळला. हेडफोन काढून त्याने केबिनभर नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"माफ करा हं," तो म्हणाला. "तुम्ही आत्ता इथून चालत गेलात का?"

"गेले ना," मी म्हटलं. "पण गेल्या वर्षी."

त्याचा चेहरा असा काही झाला की मला हसूच फुटलं. मी टॅबलेटकडे बोट दाखवलं. "ती बाई नाही चालत तिथे. मी चालतेय. उंच टाचांचे काळे बूट, माझ्या मापाहून एक नंबर मोठे. टाचेला फोड आला होता."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. शूटिंगच्या वेळी नटांचे संवाद तेवढे नीट पकडले जातात. पावलं, कपबशा, दारं, पदर हे आवाज नंतर कोणीतरी पडद्याकडे बघत, त्याच ठेक्यात, स्टुडिओत करावे लागतात. ते कोणीतरी म्हणजे मी. आमच्या धंद्यात त्याला फोली म्हणतात. माझी आई त्याला 'जोडे घालून नाचणं' म्हणते.

"म्हणजे हा पाऊस…"

"तांदूळ. चंदेरी कागदावर."

"आणि ते कबुतर उडालं?"

"चामड्याचे हातमोजे."

पडद्याकडेच बघत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "आणि ते… जिन्यात ती दोघं जे…"

"ते माझं मनगट," मी म्हटलं. "माझंच तोंड, माझंच मनगट."

त्याने एकदा माझ्या मनगटाकडे पाहिलं आणि घाईघाईने खिडकीबाहेर बघायला लागला. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे.

बोलता बोलता कळलं की तो लिहितो. फिरतो, सिनेमे बघतो, नवनवी यंत्रं वापरतो आणि आपल्याला काय वाटलं ते लिहून त्याला तारे देतो. मी ताडकन उठलेच. "साडेतीन! तुम्हीच ना ते? डोंगर असो की मिक्सर, सगळ्याला साडेतीन तारे देणारे!"

"चार द्यावेत असं अजून काही भेटलं नाही," तो ओशाळून म्हणाला. "पण या हेडफोनांना देणार आहे. लिहूनसुद्धा ठेवलंय… पावलं इतकी जिवंत ऐकू येतात की माणूस मागे वळून बघतो."

झालं! माझं डोकं फिरलं. मी गर्विष्ठ आहे, आणि ते मी लपवत नाही. आई म्हणते, हिचं नाक आधी घरात येतं आणि मग ही.

"फोड माझ्या पायाला आणि चार तारे या डबड्याला? अहो, हे तुमचं यंत्र म्हणजे आयत्या बिळावर नागोबा! साडेतीन शहाणे नुसते ऐकून होते. त्यातला उरलेला अर्धा आज भेटला."

केबिनमधली दोनचार माणसं जागी झाली. तो मात्र हसला, अगदी मनापासून. आणि मी उतरताना मागून म्हणाला, "खऱ्या पावलांचाही आवाज चांगला आहे हं तुमच्या."

पुढच्या आठवड्यात त्याचं लिखाण आलं. "हेडफोन बरे आहेत, साडेतीन. ज्या पावलांनी मला मागे वळवलं ती मात्र माझ्या मागच्या बाकावर बसलेल्या एका बाईची आहेत आणि तिला तारे देण्याची माझी लायकी नाही." मी ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दोनदा. आई आयुष्यभर इस्पितळात नर्स होती, तिला कौतुक पचायला वेळ लागतो. ती म्हणाली, "लग्न झालंय का त्याचं?"

मीच त्याला स्टुडिओ बघायला बोलावलं. तो आला तेव्हा त्याचा डावा बूट प्रत्येक पावलाला कुरकुरत होता. काचेपलीकडून आमचे रेकॉर्डिस्ट दादा स्पीकरवर ओरडले, "त्या बुटाला आधी बाहेर काढा!" तेव्हापासून तो आला की बूट दाराबाहेर आणि हा मोजे घालून कोपऱ्यात. समोर माझा संसार: फळ्यांवर ओळीने जोडे, जमिनीवर लाकडाचे, फरशीचे, वाळूचे, खडीचे चौकोन. मी पडद्याकडे बघत म्हातारीची पावलं चालायचे, मग शिपायाची, मग दारुड्याची. तो श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. एवढं लक्ष देऊन माझ्या पायांकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी दारुड्यासुद्धा जरा तोऱ्यातच चालवला.

एकदा पडद्यावर नायक नायिकेचा हात हातात घेत होता. असा आवाज मी एरवी माझ्याच दोन हातांनी करते.

"एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात," कोपऱ्यातून आवाज आला.

"माझे दोन आहेत."

"तिचा एक आहे, त्याचा एक आहे," तो पडद्याकडे बोट करून म्हणाला. "खरेपणासाठी म्हणतोय मी… बाकी काही नाही."

मी हात पुढे केला. त्याने धरला. बोटांवर बोटं सरकल्याचा तो बारीक, कोरडा आवाज माइकने टिपला, आणि पडद्यावरचं दृश्य केव्हाच पुढे गेलं तरी आम्ही तसेच. शेवटी स्पीकर खरखरला. दादा म्हणाले, "टेक ओके आहे. सोडलात तरी चालेल."

'तुम्ही'चं 'तू' झालं ते त्याच दिवशी.

माझ्या नव्या सिनेमाचं काम संपत आलं तशी त्याच्या मोठ्या प्रवासाची तारीख जवळ आली. बरेच महिने तो परत येणार नव्हता. एका संध्याकाळी स्टुडिओच्या पायरीवर बूट चढवता चढवता त्याने विचारलं, "माझ्याशी लग्न करशील? म्हणजे मग हा प्रवास आपण दोघांनी…"

हो म्हणायला जीभ वळलीसुद्धा होती. पण माझं नाक आधी दारातून आत येतं ना!

"जो माझी पावलं ओळखत नाही, त्याच्याबरोबर चालायचं कसं?" मी म्हटलं. "नव्या सिनेमात मी सगळ्यांची चालले आहे. फक्त एका ठिकाणी माझी स्वतःची. कुठे ते ओळख. ओळखलंस तर हो. नाहीतर तू तुझ्या बोटीने जा, मी माझ्या बुटांनी."

त्याने बुटाची नाडी बांधली. नीट, दुहेरी गाठ मारून. "ठरलं," तो म्हणाला.

मला खात्री होती तो जिंकेल. त्याने जिंकावं म्हणूनच तर पैज सोपी ठेवली होती. नायिका शेवटी स्टेशनवर नायकाकडे धावत जाते, ते मी मुद्दाम माझ्या रोजच्या चपला घालून केलं होतं. याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून धावले होते. बहिऱ्यालाही कळलं असतं.

सिनेमाचा पहिला खेळ काम करणाऱ्यांच्या घरच्यांसाठी होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची बोट. एका बाजूला आई, एका बाजूला तो, मध्ये मी. त्याने हेडफोन तर सोडाच, घड्याळसुद्धा घरी ठेवलं होतं. टिकटिक नको म्हणे.

सिनेमा संपला, दिवे लागले, माणसं उठली. आईसुद्धा पर्स सावरत उठायला लागली. तो वाकून म्हणाला, "काकू, बसा ना. तुमच्या मुलीचा सिनेमा अजून संपलेला नाही."

नावं वर सरकत होती. खूप खाली, खूप बारीक अक्षरात माझं नाव आलं. आईने ते मोठ्याने वाचलं. मग मागच्या रांगेतल्या अनोळखी गृहस्थांना वळून म्हणाली, "ही माझी मुलगी. सबंध सिनेमाभर हीच चाललीय." ते गृहस्थ गोंधळून "अभिनंदन" म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी खुशाल येऊ दिलं.

आईला रिक्षात बसवून दिलं आणि मी त्याच्याकडे वळले. "हं. बोल."

"ती आई मुलीची वाट बघत बसते ना, तो प्रसंग," तो म्हणाला. "मुलगी दिसतच नाही. नुसतं बंद दार दिसतं आणि जिन्यावरून पावलं येतात. ती तुझी."

मला धक्काच बसला. "आणि स्टेशन?"

"तिथे चपला तुझ्या आहेत. पावलं नायिकेची."

"चूक!" मी म्हटलं. आवाज जरा चढलाच. "साफ चूक. स्टेशनवर मी होते. हरलास तू."

तो भांडेल असं वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "दारापाशी तू क्षणभर थांबतेस. माझ्या दाराशी थांबतेस, स्टुडिओच्या थांबतेस, बोटीच्या केबिनच्यासुद्धा थांबली होतीस. ती जिन्यावरचीही थांबली… पण निकाल तुझा. मी मानतो." मग तो निघाला. डावा बूट पार कोपऱ्यापर्यंत कुरकुरत गेला, आणि मी पुतळ्यासारखी तिथेच.

सकाळी उठून स्टुडिओ गाठला. "दादा, चित्र बंद करा. नुसता आवाज लावा."

"डोळे मीट," दादा म्हणाले.

आधी स्टेशन. सुरेख होतं. प्रत्येक पाऊल जिथल्या तिथे, दम लागलेला, शेवटी नेमकं अडखळणं. इतकं नेटकं, की ती मी असणं शक्यच नव्हतं. मी त्याला दाखवायला धावले होते. मग बंद दार. जिना. शेवटच्या पायऱ्या हलक्या. आणि दाराशी… थांबणं. दिग्दर्शकाने त्या थांबण्याबद्दल मला शाबासकी दिली होती. सरावाने जमतं, असं मी ऐटीत सांगितलंही होतं.

कसला सराव! लहानपणी मी शाळेतून यायचे तेव्हा आई रात्रपाळी करून झोपलेली असायची. मी दाराशी थांबून कानोसा घ्यायचे, तिचा श्वास संथ चाललाय का बघायला. मग चोरपावलांनी आत. आई कधीच निवृत्त झाली, तरी माझे पाय प्रत्येक दाराशी तसेच थांबतात. मला पत्ता नव्हता. जगाची पावलं ओळखणाऱ्या मला, माझी स्वतःची ओळखता आली नव्हती.

म्हणजे मी हरले होते. खरं तर मान खाली जायला हवी होती, पण ती चांगली वीतभर वर गेली. माझं काम पुष्कळांनी ऐकलं असेल. मला ऐकणारा हा एकच निघाला, आणि तो संध्याकाळच्या बोटीने जाणार होता.

"दादा, मी निघते!"

"बूट बदल," दादा म्हणाले. "सिनेमातले घालून चाललीस."

खरंच की, घाईत एका पायात शिपायाचा बूट चढवला होता. तो बदलला आणि पळाले. त्याच्या इमारतीचा जिना चढताना मी कोणाचीच चाल धरली नाही, धरायला सुचलंच नाही. वरच्या मजल्यावर पोचले, आणि दाराशी पाय आपोआप थांबले.

कानोसा घेतला. आत बॅग भरल्याचा आवाज नाही. पंखा नाही. चाहूलसुद्धा नाही. पण मी आवाजांवर पोट भरणारी बाई. रिकाम्या घराची शांतता वेगळी आणि दाराला कान लावून, श्वास रोखून कोणी उभं असलं की होते ती वेगळी.

"उघड," मी म्हटलं. "ऐकू येतोयस."